अमावस्येच्या दिवशीची आवक

मार्चमधल्या अमावस्येला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, एका कांदा प्रक्रिया कंपनीच्या आवारात आम्हा विश्लेषकांना कांद्याने भरलेले ट्रॅक्टर दाखवण्यात आले. हा आज सकाळच्या लिलावातला माल आहे, असे सांगण्यात आले. त्या दिवशी बाजार समितीत लिलाव झालेला नव्हता.

अमावस्येला कांद्याचा बाजार बंद, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. माझे आजोळ नामपूरजवळच्या एका गावात. लहानपणी सुट्टीत तिथे गेल्यावर मामा दिवसभर घरी सापडायचे ते अमावस्येलाच. तरीही त्या दिवशी मी वजनकाट्याजवळ उभी राहून ट्रॅक्टर पाहत होते आणि वहीत ‘आवक चांगली’ असे लिहीत होते.

मी आधी नाशिकच्या एका दैनिकात बाजार आणि उद्योगाचे पान पाहत असे. आता मुंबईतल्या एका गुंतवणूक संशोधन संस्थेसाठी इंदिरानगरच्या घरातून काम करते. एखादा उद्योग घ्यायचा, त्यातल्या कंपन्यांचे ताळेबंद आणि नफातोटा पत्रके वाचायची, रोख कुठून आली आणि कुठे गेली ते शोधायचे, आणि शेअर घ्यावा की टाळावा यावर अहवाल द्यायचा. फंडवाले तो वाचून पैसे लावतात. काम बातमीदारीपेक्षा फार वेगळे नाही. फरक इतकाच, की इथे चुकले तर दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात खुलासा छापून भागत नाही.

ही कंपनी लाल कांदा वाळवून त्याचे काप आणि भुकटी करते आणि बाहेरच्या देशांत पाठवते. दुसरा कारखाना उभारण्यासाठी तिला नवे शेअर विकायचे होते. तिच्या हिशेबात एक गोष्ट जुळत नव्हती. दोन वर्षांत उत्पादन जवळपास दुप्पट झाल्याचे वार्षिक अहवालात म्हटले होते. कांद्यातले पाणी उडवायला उष्णता लागते. उत्पादन वाढले तर इंधन आणि विजेचा खर्चही वाढायला हवा. तो जागचा हललेला नव्हता. ताळेबंदातला तयार मालाचा साठा मात्र दर वर्षी फुगत होता. आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर माल इंधनाशिवाय तयार होत होता आणि गिऱ्हाइकाशिवाय गोदामात पडून होता.

तिमाही निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते. त्या वेळी मी हे विचारले.

“नवीन ड्रायर आलेत, मॅडम,” कंपनीचे वित्त प्रमुख म्हणाले. “फार कमी खातात. आमच्यासारखे नाहीत.”

फोनवर हशा झाला.

“पण साठा?”

“तुम्ही नाशिकच्याच ना? मग कागद काय चाळत बसता? या इकडे. किती कांदा रोज आत येतो ते डोळ्यांनी बघा, मग साठ्याचं विचारा.”

आमची भेट अशी ठरली. तारीख मुंबईच्या फंडवाल्यांनी दिली. त्यांच्या दिनदर्शिकेत अमावस्या नव्हती.

या कंपनीत माझी मामेबहीण कंपनी सेक्रेटरी आहे. शेअर बाजाराला कंपनीकडून जी सूचना जाते ती या पदावरच्या माणसाच्या सहीने जाते, आणि वार्षिक हिशेबावर दोन संचालक आणि वित्त प्रमुख यांच्यानंतर चौथी सही त्याची असते. परीक्षा पास होऊन ती या पदावर आली त्या वर्षीच्या अहवालातले सह्यांचे पान मामांनी सटाण्याहून फ्रेम करून आणले आणि ओसरीवर लावले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते चौथ्या सहीवर बोट ठेवून दाखवतात. वरचे आकडे कसले, हे त्यांनी कधी विचारले नाही.

कंपनीचे काम हाती घेताना हे नाते मी कार्यालयाला लेखी कळवले होते. नियमांत जवळच्या नातेवाइकाची व्याख्या दिलेली आहे. तिच्यात नवरा, आईवडील, भावंडे, मुले येतात. मामेबहीण येत नाही.

“कायद्याने ती तुझी कोणी लागत नाही,” आमचे विभागप्रमुख म्हणाले. “कर काम.”

अमावस्येच्या दिवशी मुंबईहून छोटी बस आली. मी नाशिकहून माझ्या गाडीने गेले. आवारात मांडव होता, ताक होते, वर ड्रोन घोंघावत होते. पुढच्या फाटकातून एकामागून एक ट्रॅक्टर येत होते. प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फळीवर कंपनीचे हिरवे कापड बांधलेले होते. ट्रॅक्टर काट्यावर चढे, वजन होई, मग तो शेडच्या मागे दिसेनासा होई.

“हा सगळा इथल्याच बाजार समितीतला, आज सकाळच्या लिलावातला,” वित्त प्रमुख म्हणाले. “पहाटेपासून रांग आहे. आमची माणसं चहालासुद्धा उठलेली नाहीत.”

“संपतच नाही रांग,” फंडातला एक तरुण म्हणाला. तो मोबाईलवर चित्रण करत होता.

“संपली तर आमचं काय होईल, साहेब?”

एका ट्रॅक्टरवाल्याने आमच्याकडे पाहून हात केला. डोक्याला उपरणे गुंडाळलेले होते, ऊन समोरून होते, चेहरा दिसला नाही. मुंबईच्या पाहुण्यांनी हौसेने उलट हात केले. एकाने त्याचा फोटो काढला.

निघताना प्रत्येकाला द्राक्षांची पेटी देण्यात आली. फंडातल्या तरुणाने विचारले, “हे गिफ्टमध्ये धरतात का? आम्हाला घेता येत नाही.”

“नाशवंत माल आहे,” वित्त प्रमुख म्हणाले. “उद्यापर्यंत पुरावा उरत नाही.”

पेट्या वाटायला मामेबहीण उभी होती. चारचौघांत ती मला मॅडम म्हणते. त्या दिवशीही म्हणाली. पेटी पुढे करताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. गडबडीत असेल असे वाटले. मी पेटी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारून आम्ही आईच्या माहेरी निघालो. आईला दर पाडव्याला भावाच्या घरी जायचे असते, आणि मामीच्या हातची खापरावरची पुरणपोळी हे त्याचे निम्मे कारण आहे.

मामांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉली कांद्याने काठोकाठ भरलेली होती. मागच्या फळीवर हिरवे कापड बांधलेले होते.

मी गाडीतून उतरले आणि तिथेच थांबले. आई पिशव्या घेऊन आत गेली. मामा बाहेर आले.

“मामा, हा कांदा विकला नाही?”

“काल अमावस व्हती ना, बाई,” मामा म्हणाले. घरात ते अहिराणीच बोलतात. “आज पाडवा. मांगून मार्च एंडनं बंद. बाजार उघडना का इकसू.”

“आणि हे कापड?”

“कंपनीनं शे. भारी कापड. कांदावर टाकाले कामले येई. तू बी व्हती ना काल तठे? मी हात करा तुले. तू वयखं नही.”

हात करणारा तो ट्रॅक्टरवाला मामा होते. मी त्यांना ओळखले नव्हते.

त्यांनी सगळे सांगितले, कारण लपवण्यासारखे काही आहे असे त्यांच्या मनातही नव्हते. कंपनीत शूटिंग आहे, ट्रॅक्टर भरून आणा, असा मुलीचा फोन आला होता. एरवी हंगामात ट्रॅक्टर मिळत नाही. अमावस्येला बाजार बंद, त्यामुळे गावातले सगळे ट्रॅक्टर मोकळे होते. म्हणून तर इतके जमले. भाडे मिळाले, नाश्ता मिळाला. पुढच्या फाटकातून आत जायचे, काट्यावर चढायचे, शेडला वळसा घालून मागच्या फाटकातून बाहेर पडायचे आणि पुन्हा रांगेत लागायचे.

“पुन्हा म्हणजे?”

“पुन्हा म्हंजे पुन्हा. गोल. मन्ह्या चार फेऱ्या व्हयन्यात.”

“आणि कांदा उतरवला नाही?”

मामांनी ट्रॉलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “उतारा असता तं हाऊ काय शे?”

मामी दारात आली होती. “हीरो व्हयी गया तुन्हा मामा,” ती म्हणाली. “कालपासून आरसात दखस. टीव्हीवर कवय येई, ते इचार तुन्ही बहीणले.”

आई हसली. मामाही हसले. मी काट्यावरचे ट्रॅक्टर मोजले होते, माझ्याबरोबरच्या सगळ्यांनी मोजले होते, आणि आम्ही सगळ्यांनी तोच कांदा पुन्हा पुन्हा मोजला होता. मी ट्रॉलीच्या मागे जाऊन फळीवरचे कापड ओढून सरळ केले. कापडावर छापले होते, ‘शेतातून थेट जगात’.

मामेबहीण सणाला घरी आलेली होती. ती गच्चीवर गुढीजवळ होती. मी वर गेले तेव्हा ती गुढीची गाठी सरळ करत होती. गाठी आधीच सरळ होती.

“आप्पांनी सांगितलं ना?” ती म्हणाली. वडिलांना ती आप्पा म्हणते.

“शूटिंग होतं?”

“मला तेच सांगितलं होतं, ताई. कंपनीची फिल्म करायचीय, ड्रोन येणार, तुमच्या गावाकडचे ट्रॅक्टर मोकळे असतील त्या दिवशी, जमव. मी जमवले. मीच आप्पांना म्हटलं, स्वच्छ उपरणं बांधा.”

“आम्हाला लिलावातला माल म्हणून सांगितलं. तू काट्यापाशी होतीस.”

“ऐकलं मी. मला वाटलं सर बोलण्याच्या ओघात बोलून गेले.”

“मग?”

“मग आप्पा दुसऱ्यांदा आले. आणि सर पुन्हा तेच बोलले.”

खालून मामांचा आवाज येत होता. शेजारच्या कुणाला तरी ते ओसरीवरची फ्रेम दाखवत होते.

“मेमध्ये वर्षाचे हिशेब मंजूर होतील,” ती म्हणाली. “त्यावर सही करायचीय मला. दाखवलाय तेवढा साठा खरंच गोदामात आहे असं लिहिलेलं असणार त्यात. करू का?”

“या कंपनीवरचा माझा अहवाल अजून बाहेर आलेला नाही. मी तुला काहीच सांगू शकत नाही.”

“नियम मलाही पाठ आहेत. कायद्याने मी तुझी कोणी नाही. मग कुणाला विचारू? आप्पांना?”

खालून जेवायला हाक आली, आम्ही दोघी गेलो. त्या दिवशी पुरणपोळी कशी झाली होती ते मला आठवत नाही.

रात्री नाशिकला पोहोचल्यावर विभागप्रमुखांना फोन केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हणजे तोच कांदा गोल फिरत होता?”

“हो.”

“आणि आपण टाळ्या वाजवल्या?”

“टाळ्या नाही. हात केले.”

मग ते म्हणाले, “अमावस्येला मार्केट बंद असतं, हे लिहून मिळेल?”

प्रश्न रास्त होता. अलीकडे काही बाजार समित्यांनी अमावस्येलाही लिलाव सुरू केले आहेत, त्यामुळे खात्री करणे भाग होते. वर्तमानपत्रात आम्ही एका माणसाच्या सांगण्यावर बातमी करत नसू, आणि तो माणूस सख्खा मामा असेल तर मुळीच नाही. बाजार उघडल्यावर मी कंपनीने सांगितलेल्या बाजार समितीत गेले. कार्यालयातल्या लिपिकाने प्रश्न दोनदा विचारायला लावला.

“अमावस्येचा लिलाव?” तो पलीकडच्या टेबलावर ओरडला, “अहो भाऊसाहेब, ह्या मॅडम अमावस्येची आवक विचारतायत!”

“कोणत्या गावच्या?”

“नाशिकच्या म्हणे.”

“नाशिक का? मग बरोबर आहे.”

दोघे पोट धरून हसले आणि मग मला लेखी उत्तर दिले. त्या दिवशी लिलाव नव्हता, आवक नव्हती. त्यानंतर मी गावातल्या आणखी दोन ट्रॅक्टरवाल्यांना भेटले. त्यांनी मामांनी सांगितले तेच सांगितले. त्यातल्या एकाने शूटिंगचा व्हिडिओ मिळेल का असे विचारले.

मग संस्थेच्या वतीने कंपनीला रीतसर प्रश्न पाठवले. अमावस्येच्या दिवशी आवारात आलेला कांदा कुठून खरेदी केला? तो उतरवला का? इंधन तेवढेच असताना उत्पादन कसे वाढले?

उत्तर कंपनीच्या लेटरहेडवर आले. त्या दिवशी आवारात आलेला सर्व कांदा कंपनीने खरेदी केलेला होता आणि तो प्रक्रियेसाठी घेण्यात आला, असे त्यात म्हटले होते. इंधनाच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. पत्राखाली कंपनी सेक्रेटरीची सही होती.

ती सही मी ओळखते. ओसरीवर ती काचेखाली आहे. पत्रातला कांदा मी अंगणात पाहिलेला होता, आणि तोवर मामांनी तो बाजारात नेऊन दुसऱ्याच एका व्यापाऱ्याला विकलाही होता. मी पत्र तीनदा वाचले. दर वेळी वाक्य तेच निघाले.

मी तिला फोन केला.

“मॅडम म्हणून केलास की ताई म्हणून?” तिने विचारले.

“त्या पत्रावर तुझी सही आहे.”

“टाईप करून आणलं होतं. सर समोर उभे होते. म्हणाले, साधं उत्तर आहे, पाठवून द्या, संध्याकाळच्या आत हवंय.”

“त्या कांद्यात मामांचा कांदा आहे.”

“माहीत आहे मला. माझ्या घरचा आहे तो.” मग ती एकदम मोठ्याने बोलू लागली. “पत्रावर केली ती झाली. हिशेबावर करू की नको, एवढंच सांग. हो नाहीतर नाही. एक शब्द.”

“मला सांगता येत नाही.”

“मग फोन ताई म्हणून नव्हता,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझा अहवाल पंधरवड्यात प्रसिद्ध झाला. या कंपनीच्या शेअरवर आम्ही मत देऊ शकत नाही, असे त्यात होते. कारणे दिली होती. इंधनाचा खर्च आणि उत्पादन यांचा मेळ बसत नाही. साठ्याची खात्री करता आलेली नाही. भेटीच्या दिवशी दाखवलेली आवक त्या दिवशीच्या लिलावातली नव्हती, आणि तोच माल काट्यावर एकापेक्षा अधिक वेळा आणण्यात आला. त्यात कुणाचे नाव नव्हते. ट्रॅक्टरवाल्यांचा उल्लेख ‘स्थानिक शेतकरी’ असा होता.

गावात ही गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही. मामांनी आईला फोन केला. मला फोन देऊ नको, असे त्यांनी आधीच सांगितले.

“आमना हात करेल बी खोटा व्हता का, इचार तिले,” ते म्हणाले. आईने फोन ठेवला आणि ते वाक्य मला जसेच्या तसे सांगितले.

“तुझ्या नोकरीपायी माझं माहेर तुटायची वेळ आली,” ती म्हणाली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. “पण कांदा तर खरंच अंगणात होता. मीपण पाहिला होता की.” त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

मेमध्ये, हिशेब मंजूर करणाऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी, शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीची एक सूचना आली. कंपनी सेक्रेटरींनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला असून तो तात्काळ लागू होत आहे, अशी ती होती. राजीनाम्याची ती सूचनाही नियमाप्रमाणे तिच्याच सहीने गेली होती.

मी तिला फोन केला नाही. तिचाही आला नाही. आई जूनमध्ये एकटी एसटीने जाऊन आली. मामेबहीण घरी आहे, पुण्यात नोकरी शोधते आहे, एवढे तिने सांगितले. फ्रेम ओसरीवर आहे तिथेच आहे. मामा ती आता कुणाला दाखवत नाहीत. हिरवे कापड कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यावर आहे.

कंपनीचा वार्षिक अहवाल ऑगस्टमध्ये आला. उत्पादन वाढले आहे. इंधनाचा खर्च गेल्या वर्षीइतकाच आहे. साठा वाढला आहे. सह्यांच्या पानावर दोन संचालकांच्या सह्या आहेत, त्यांच्यानंतर वित्त प्रमुखांची सही आहे. चौथ्या जागी, ‘कंपनी सेक्रेटरी’ या शब्दांखाली, ‘पद रिक्त’ असे छापलेले आहे.